नवख्या सायकलस्वाराची पहिली परदेशयात्रा : पासाउ ते व्हिएन्ना

दीर्घ पल्ल्याची सायकलयात्रा, म्हणजे स्वतःचे सामान सायकलवर घेऊन अनेक दिवस एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाणे, हा साहसाचा प्रकार मानला जात असला, तरी तिचे यश साहसावर फारसे अवलंबून नसते. एखाद्या दिवशी ऐंशी किंवा शंभर किलोमीटर सायकल चालवणे धडधाकट माणसाला थोड्या सरावाने जमते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर, त्याच गुडघ्यांनिशी पुन्हा बसता येणे आणि हा क्रम सलग सात-आठ दिवस टिकवता येणे, ही निराळी क्षमता आहे. म्हणून नवख्या स्वाराने मार्ग, वेग, सामान, आहार आणि खर्च यांविषयीचा प्रत्येक निर्णय ‘यामुळे उद्या निघणे सोपे होईल की अवघड’ या एकाच कसोटीवर घ्यावा, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते स्पष्ट करण्यासाठी जर्मनीतील पासाउ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हा डॅन्यूब नदीकाठचा सुमारे ३२० किलोमीटरचा सायकलमार्ग उदाहरणादाखल घेतला आहे.

सायकलवरून परदेशप्रवास करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे पारशी तरुण १९२३ मध्ये मुंबईहून सायकलने निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून १९२८ मध्ये परतले. अलीकडे, २०१८ मध्ये, वेदांगी कुलकर्णी या महाराष्ट्रीय तरुणीने ऐन विशीत सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. ही उदाहरणे प्रेरणा देणारी असली, तरी पहिल्या यात्रेसाठी ती नमुना म्हणून घेणे योग्य नव्हे, कारण त्यांमागे शरीराची दीर्घ तयारी आणि विपरीत परिस्थितीत महिनोन् महिने तगून राहण्याची मानसिकता होती. आजच्या नवख्या प्रवाशाच्या बाजूने असलेली गोष्ट वेगळी आहे. मोटारींपासून बव्हंशी अलग असलेले, दिशादर्शक फलक लावलेले आणि ठरावीक अंतरावर मुक्कामाची सोय असलेले सायकलमार्ग युरोपात आता सहज उपलब्ध आहेत, आणि पहिल्या यात्रेने या सोयीचा निःसंकोच लाभ घ्यावा.

मार्गाची निवड

जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावणारी डॅन्यूब नदी दहा देशांना स्पर्श करत सुमारे २,८५० किलोमीटर वाहून काळ्या समुद्राला मिळते. तिच्या काठचा मार्ग हा ‘युरोव्हेलो’ या, युरोपभरच्या दीर्घ सायकलमार्गांना जोडणाऱ्या जाळ्यातील सहाव्या क्रमांकाच्या मार्गाचा भाग असून, हा सहावा मार्ग अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जातो. ऑस्ट्रियात त्याच मार्गावर ‘आर १’ असेही फलक दिसतात. या लांबलचक मार्गातला पासाउ ते व्हिएन्ना हा टप्पा नवख्यांना मानवतो, यामागे काही ठोस कारणे आहेत.

पहिले कारण उताराचे आहे. पासाउ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर, तर व्हिएन्नाजवळचे नदीपात्र सुमारे १६० मीटर उंचीवर असल्याने प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्याला चढ फारसा लागत नाही. पूर्वी प्रवाहाविरुद्ध होड्या ओढून नेणाऱ्या घोड्यांसाठी नदीलगत वाटा तयार केलेल्या होत्या आणि आजचा मार्ग अनेक ठिकाणी त्याच वाटांवरून जातो, म्हणून डोंगराळ दरीतही तो सपाट राहतो. दुसरे कारण वाऱ्याचे आहे. मध्य युरोपात पश्चिमेकडून येणारे वारे अधिक वाहतात. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्याला वारा पाठीशी मिळण्याची शक्यता जास्त असते. सपाट रस्त्यावर समोरचा वारा चढाइतकाच दमवतो, हे लक्षात घेता दिशेची निवड ही गौण बाब ठरत नाही. तिसरे कारण माघारीच्या सोयीचे आहे. लिंट्स, मेल्क, क्रेम्स आणि टुल्न ही गावे रेल्वेने व्हिएन्नाशी जोडलेली असल्याने दुखापत झाली किंवा पाऊस हटेना, तर एखादा टप्पा गाळता येतो. हंगामात काही भागांत प्रवासी बोटी चालतात आणि त्यांवर सायकल नेता येते. श्ल्योगेनच्या दरीत मात्र नदीकाठाला रेल्वे नसल्याने पहिल्या दोन दिवसांत विशेष जपून चालावे.

दिवसांची आखणी

पासाउहून श्ल्योगेन सुमारे ४२ किलोमीटर, तेथून लिंट्स ५०, लिंट्सहून ग्राइन ६०, ग्राइनहून मेल्क ४८, मेल्कहून क्रेम्स ३६, क्रेम्सहून टुल्न ४५ आणि टुल्नहून व्हिएन्ना ३८ किलोमीटर, अशी सात टप्प्यांची विभागणी सोयीची आहे. काठ आणि वळसे यांनुसार हे आकडे थोडे बदलतात. सामान लादलेल्या सायकलवर नवख्याचा वेग ताशी बारा ते पंधरा किलोमीटर धरावा, म्हणजे पन्नास किलोमीटरचा दिवस हा सुमारे चार तास पायडल मारण्याचा आणि विश्रांती, जेवण, वाट शोधणे व पाहण्याची ठिकाणे धरून आठ तासांचा दिवस होतो. सात टप्प्यांना नऊ दिवस द्यावेत आणि उरलेले दोन दिवस कोणत्याही स्थळासाठी आधी बांधून न ठेवता पाऊस किंवा थकवा यांच्यासाठी मोकळे ठेवावेत. विशेषतः तिसऱ्या दिवसाच्या आसपास साचलेला थकवा जाणवू लागतो, म्हणून गरज वाटल्यास त्यांतला एक दिवस लिंट्स या मोठ्या शहरात पूर्ण विश्रांतीसाठी घेणे हिताचे ठरते.

विसाव्याच्या जागा मार्गात भरपूर आहेत. श्ल्योगेन येथे नदी खडकांमधून जवळजवळ मागे फिरावे असे वळण घेते. माउटहाउझेन येथे नाझी राजवटीने १९३८ ते १९४५ या काळात चालवलेल्या छळछावणीचे स्मारक आहे. ते नदीपासून वर टेकडीवर असल्याने तेथे जाण्यासाठी चढ चढण्याची तयारी आणि किमान अर्ध्या दिवसाची सवड ठेवावी. मेल्कचा बेनेडिक्टाइन मठ अकराव्या शतकात स्थापन झालेला आहे. मेल्क ते क्रेम्स या वाखाउ नावाच्या खोऱ्याला २००० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला; द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा यांमधून जाणारा हा टप्पा जाणूनबुजून सर्वांत छोटा ठेवला आहे. याच खोऱ्यातील ड्यूर्नश्टाइनच्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२–९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता.

हंगाम मे ते सप्टेंबर असा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात, म्हणून मेअखेर ते जून किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध नवख्याला बरा. जूनमध्ये दिवस सुमारे सोळा तासांचा असल्याने उशीर झाला तरी अंधाराची धास्ती राहत नाही. ही नदी पुरासाठीही प्रसिद्ध आहे. जून २०१३ मध्ये पासाउ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये लोअर ऑस्ट्रिया प्रांत यांनी मोठे पूर पाहिले आहेत. निघण्यापूर्वी आणि वाटेत मार्गबंदीच्या सूचना पाहणे हा म्हणूनच रोजच्या कामाचा भाग समजावा.

सरावाचे शास्त्र

सरावाला दहा ते बारा आठवडे द्यावेत. आठवड्यातून तीन-चार वेळा सायकल चालवावी आणि एकूण अंतर दर आठवड्याला साधारण एक-दशांशापेक्षा जास्त वाढवू नये, कारण हृदय आणि श्वसन यांची क्षमता लवकर वाढते, तर स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या स्नायुबंधांना नव्या ताणाशी जुळवून घ्यायला अधिक काळ लागतो. दमछाक कमी झाली म्हणून अंतर एकदम वाढवणाऱ्याचे गुडघे नेमके याच फरकामुळे दुखू लागतात. सरावाचा गाभा सलग दिवसांत आहे. शनिवारी चाळीस आणि रविवारी पुन्हा चाळीस किलोमीटर चालवणे हे एकाच दिवशी ऐंशी चालवण्यापेक्षा यात्रेच्या दृष्टीने अधिक उपयोगी असते. ‘ब्रेव्हे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पूर्ण करण्याच्या उपक्रमांना महाराष्ट्रात चांगला प्रतिसाद मिळतो; त्यांतून चिकाटी वाढते, परंतु त्यांचा उद्देश वेगळा असल्याने यात्रेपूर्वी ते पार पाडलेच पाहिजेत असे नाही.

रंगीत तालीम म्हणून सर्व सामान लादून दोन-तीन दिवसांची छोटी यात्रा अवश्य करावी. अलिबागहून मुरुड, तेथून आगरदांड्याला फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघी आणि पुढे दिवेआगर-श्रीवर्धन हा कोकणातला रस्ता त्यासाठी योग्य आहे. त्याचे चढउतार डॅन्यूबकाठापेक्षा निश्चितच कठीण असल्याने तो जमला तर पुढची चिंता कमी होते. जूनमध्ये जायचे असेल तर सराव फेब्रुवारी ते मे या काळात येतो, तेव्हा पहाटे निघून उन्हे तापण्याआधी परतावे. सप्टेंबरमध्ये जायचे असेल तर सराव भर पावसाळ्यात करावा लागतो, ही गोष्ट तारीख ठरवतानाच ध्यानात घ्यावी.

सायकल : भाड्याची की स्वतःची

विमानातून स्वतःची सायकल नेण्यासाठी पायडल काढणे, हँडल फिरवणे, सायकल खोक्यात बांधणे आणि उतरल्यावर सर्व पुन्हा जोडणे आवश्यक असते; शिवाय विमान कंपनीचे शुल्क वेगळे. पासाउमध्ये सायकल भाड्याने घेऊन व्हिएन्नात परत करण्याची सोय असल्याने पहिल्या यात्रेत भाड्याची सायकल घेणेच शहाणपणाचे. स्वतःची सीट मात्र बरोबर न्यावी, कारण सरावात शरीर ज्या सीटला सरावलेले असते तिची जागा दुसरी सीट घेऊ शकत नाही. बॅटरीवर चालणारी साहाय्यक सायकल हवी असल्यास ती तेथेच घ्यावी लागते, कारण १६० वॉट-तासांहून अधिक क्षमतेची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही आणि अशा सायकलींच्या बॅटऱ्या बहुधा त्याहून मोठ्या असतात. सोबतच्या दोन प्रवाशांच्या ताकदीत मोठा फरक असेल, तर एकाने साहाय्यक सायकल घेणे हा उत्तम तोडगा आहे.

भाड्याची सायकल ताब्यात घेताना ब्रेक बारकाईने तपासावेत. भारतात उजव्या हाताचा ब्रेक सहसा पुढच्या चाकाचा असतो, तर जर्मनी-ऑस्ट्रियात डाव्या हाताचा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो. काही सायकलींना पायडल उलटे फिरवल्यावर मागचे चाक थांबवणारा ब्रेकही असतो. सवयीने पुढचा ब्रेक जोरात दाबला गेल्यास स्वार हँडलवरून फेकला जाऊ शकतो, म्हणून मोकळ्या जागेत अर्धा तास सराव करूनच रस्त्यावर यावे.

सीटची उंची हा दुखापत टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पायडल खालच्या टोकाला असताना त्यावर टाच ठेवली असता पाय सरळ व्हावा, म्हणजे प्रत्यक्ष चालवताना चवडा पायडलवर ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते आणि मागच्या बाजूला दुखत असेल तर वर असते. तळहातातून जाणाऱ्या नसेवर दीर्घकाळ दाब पडल्याने करंगळी आणि अनामिका बधिर होतात. यासाठी हँडलवरची पकड सतत बदलावी आणि गादीचे हातमोजे वापरावेत. गादी शिवलेली सायकलची चड्डी अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, कारण अंतर्वस्त्राच्या शिवणीच त्वचा सोलवटतात. ती रोज धुऊन पूर्ण वाळवूनच घालावी. भारी गिअरमध्ये रेटा देत चालवण्याऐवजी हलक्या गिअरमध्ये पायडलचे मिनिटाला सत्तर ते नव्वद फेरे होतील अशा लयीत चालवल्यास गुडघ्यांवरचा ताण कमी राहतो.

पंक्चर काढणे, चाक काढून बसवणे, उतरलेली चेन चढवणे आणि ब्रेक घट्ट करणे ही चार कामे घरीच शिकून घ्यावीत. सोबत दोन ट्यूब, टायर काढण्याचे चमचे, पंक्चरचा संच, छोटा पंप आणि अॅलन कीचा संच ठेवावा. ट्यूबचा व्हॉल्व्ह सायकलच्या रिमला आणि पंपाला जुळतो याची खात्री भाड्याने घेतानाच करावी.

सामान आणि आहार

मुक्काम खोलीत करायचा असेल तर एकूण सामान आठ ते दहा किलोंत बसते. तंबू, झोपण्याची पिशवी आणि स्वयंपाकाची भांडी घेतल्यास त्यात पाच किलो किंवा अधिक भर पडते. ऑस्ट्रियात उघड्यावर कोठेही तंबू ठोकण्यावर प्रांतोप्रांती निर्बंध असल्याने तंबूवाल्यालाही अधिकृत तळावरच उतरावे लागते, त्यामुळे पहिल्या यात्रेत तंबूने होणारी बचत वजनाच्या मानाने थोडी असते. पाठीवर पिशवी अजिबात घेऊ नये, कारण तिचे वजन सीट आणि मनगटांवर येते. सामान कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या जलरोधक पिशव्यांत, जड वस्तू तळाशी ठेवून, समतोल भरावे. सायकलवरचे दोन जोड, संध्याकाळचा एक जोड, पावसाळी जाकीट, उबदार कपड्याचा एक थर आणि नेहमीची औषधे चिठ्ठीसह, एवढे पुरेसे होते.

भूक लागल्यावर खाणे आणि तहान लागल्यावर पिणे ही घरची सवय यात्रेत उशिराची ठरते. तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी आणि ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे पिष्ट किंवा साखर यांतून मिळणारी ऊर्जा, थोड्या थोड्या वेळाने घेत राहावी. एक मोठे केळे साधारण ३० ग्रॅम कर्बोदके देते. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा साठा संपला की हातपाय एकाएकी गळाल्यासारखे होतात आणि मग खाऊनही तो दिवस सावरत नाही. ऑस्ट्रियात नळाचे पाणी पिण्याजोगे असते. घरून खाऊ नेताना युरोपीय संघाचा नियम लक्षात ठेवावा : दूध आणि मांस यांचे पदार्थ बाहेरून आणण्यास मनाई असल्याने पेढे-बर्फी बाजूला ठेवून खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की न्यावी. रविवारी जर्मनी आणि ऑस्ट्रिया या दोन्ही देशांत बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून रविवारचा शिधा शनिवारीच घेऊन ठेवावा. शाकाहारी प्रवाशाला ही दक्षता अधिकच गरजेची आहे.

कागदपत्रे आणि रस्त्याचे नियम

दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे परस्परांच्या सीमांवर नेहमीची तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, मोडतात आणि एकच व्हिसा दोन्हींकडे चालतो. तो १८० दिवसांच्या कोणत्याही काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याची मुभा देतो. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहायचे त्या देशाकडे करायचा असतो. या यात्रेतील बहुतेक रात्री ऑस्ट्रियात जात असल्याने, विमान जर्मनीत उतरत असले तरी, अर्ज सामान्यतः ऑस्ट्रियाकडे करावा लागेल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो, परंतु उन्हाळ्याच्या हंगामात भेटीच्या वेळा लवकर भरतात. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा व्हिसासाठी सक्तीचा आहे. अनेक दिवसांची सायकलयात्रा ‘साहसी क्रीडा’ म्हणून विम्यातून वगळलेली नाही ना, हे करारपत्रात स्वतः वाचून पाहावे. मुक्कामांची नोंदणी रद्द करता येण्याजोगी असावी, म्हणजे मोकळे ठेवलेले दिवस खरोखर वापरता येतात.

वाहतूक उजव्या बाजूने चालते, हा भारतीय स्वारासाठी सर्वांत मोठा धोका आहे. सरळ रस्त्यावर त्याची सवय लवकर होते. चूक होते ती सकाळी अर्धवट झोपेत निघताना, थांबून पुन्हा रस्त्यावर येताना आणि वळण घेताना, म्हणून या तीन क्षणी जाणीवपूर्वक थांबून पाहावे. फलक किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य असते. सायकल चालवताना मोबाइल हातात धरणे गुन्हा आहे. दिवे, परावर्तक आणि घंटी सायकलला असावी लागते. ऑस्ट्रियात हेल्मेट बारा वर्षांखालील मुलांना सक्तीचे असले, तरी प्रौढांनीही ते घालावेच. आणीबाणीत ११२ हा क्रमांक दोन्ही देशांत चालतो.

थांबण्याची तयारी

नवख्या यात्रेकरूंची बहुतेक फसगत हट्टामुळे होते. गुडघ्यातली कळ सकाळी निघतानाही जाणवत असेल, सीटखालची त्वचा सोलवटली असेल किंवा ताप आला असेल, तर त्या दिवशी चालवू नये आणि रेल्वेने पुढचे गाव गाठावे. अशा वेळी प्रादेशिक गाड्यांत सायकलचे वेगळे तिकीट काढावे लागते, तर वेगवान गाड्यांत जागा मोजक्या असल्याने सायकलचे आरक्षण आधी करावे लागते. एखादा टप्पा गाळल्याने यात्रा अपूर्ण राहते हा समज सोडून द्यावा. दुखणे अंगावर काढल्याने उरलेले सर्व टप्पे गमावण्याची वेळ येते, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

परदेशी सायकलयात्रेचा विचार असलेल्या वाचकाने विमानाचे तिकीट पाहण्याआधी एक साधी परीक्षा द्यावी. सामान लादलेल्या सायकलवर दोन दिवस सलग चाळीस-चाळीस किलोमीटर चालवावे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शरीर काय सांगते ते प्रामाणिकपणे ऐकावे. पुन्हा निघण्याची तयारी असेल तर व्हिसाचा अर्ज करावा, नसेल तर आणखी सहा आठवडे सराव करून हीच परीक्षा पुन्हा द्यावी.